ई-एन-टी लिहायचं, पण म्हणायचं नाही

फ्रेंच क्रियापदांच्या उच्चारांविषयी काही अडत असेल तर विचारा, असं मागच्या अंकात सहज लिहून गेले आणि पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ‘फ्रेंच किती दिवसांत येईल?’ असं विचारणाऱ्यांना सरळ बाजूला ठेवलंय.

आधी लिहिण्याची सोय सांगते. रोमन लिपी इथे नाही. फ्रेंच लेखन सांगायचं तिथे अक्षरांची आपल्या ओळखीची इंग्रजी नावं वापरते. उच्चार देवनागरीत. खाली टिंब दिलेला ‘ज़’ हा ‘ज़िंदगी’तला. ‘झ’ मात्र आपला नव्हे: ‘श’ म्हणत राहा आणि मध्येच घशात कंप आणा, जे ऐकू येईल ते. ‘आँ’, ‘ओं’, ‘अँ’ हे नाकातले स्वर आहेत, त्यांच्यामागे ‘न’ किंवा ‘म’ लावायचा नाही. आणि जिथे आडवी रेघ आहे तिथे एक सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हटला जाणारा शब्दाचा तुकडा, संपून दुसरं सुरू होतं.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. तोंडी परीक्षेत ‘ते बोलतात’ याचं फ्रेंच तिने ‘ईल पार्लाँ’ असं म्हटलं आणि मार्क गेले. शब्दाच्या शेवटी ई-एन-टी आहे. आई-वडिलांसाठी जो शब्द आहे त्याच्याही शेवटी ई-एन-टी आहे आणि तिथे ‘पाराँ’ म्हणायचं असं शाळेतच शिकवलंय. मग इथे का चालत नाही? आणि म्हणायचंच नसेल तर लिहायचं तरी कशाला? (एक आई, पुणे)

उत्तर : तुमच्या लेकीने विचार करून उत्तर दिलंय, नुसतं पाठ करून नाही, म्हणून आधी तिची पाठ थोपटा. नियम तिने एका जागेवरून उचलला आणि दुसऱ्या जागी लावला, एवढंच झालं.

नाम, विशेषण, क्रियाविशेषण यांच्या शेवटी ई-एन-टी असेल तर ‘आँ’ म्हणायचं. क्रियापद असेल आणि कर्ता ‘ते’ किंवा ‘त्या’ असेल, तर ती तीन अक्षरं अजिबात म्हणायची नाहीत. ‘ते बोलतात’ म्हणजे ‘ईल पार्ल्’. फ्रेंच शाळांतल्या मुलांना यासाठी एक जुनं वाक्य ऐकवतात: ‘ले पूल् द्यू कूवाँ कूव्’, मठातल्या कोंबड्या अंडी उबवताहेत. ‘मठ’ आणि ‘उबवतात’ हे दोन्ही शब्द लिहायला अक्षरशः एकच आहेत. पहिला नाम आहे म्हणून ‘कू-वाँ’, दोन सिलॅबल्स. दुसरा क्रियापद आहे म्हणून ‘कूव्’, एकच. ‘राष्ट्राध्यक्ष’ आणि ‘ते अध्यक्षपद भूषवतात’ यांचीही तीच गत: ‘प्रे-ज़ि-दाँ’ आणि ‘प्रे-ज़ीद्’.

एक अपवाद मात्र आजच तिच्या वहीत लिहून द्या. ‘तो येतो’ याच्याही शेवटी ई-एन-टी असतं, पण तिथे कर्ता एक आहे आणि त्यातली ‘ई-एन’ ही अक्षरं प्रत्ययाची नसून धातूच्या अंगाचीच आहेत. म्हणून ‘ईल व्यँ’ असं नाकातून म्हणायचं. अनेकवचनात तेच ‘ईल व्येन्’ होतं. तेव्हा शब्दाचं शेपूट बघून निर्णय घ्यायचा नाही, कोण करतंय ते आधी बघायचं.

आता ‘लिहायचं कशाला?’ हा खरा प्रश्न. ‘बोलणे’ या क्रियापदात त्याचं उत्तर सापडत नाही, कारण तिथे मी, तू, तो, ते या चारही रूपांचा उच्चार ‘पार्ल्’ असाच आहे. वर्तमानकाळाचा सहा ओळींचा तक्ता मुलं घोकतात, कानाला त्यातली तीनच रूपं येतात: ‘पार्ल्’, ‘पार्-लों’, ‘पार्-ले’. पण दुसरी क्रियापदं घ्या. ‘तो विकतो’ म्हणजे ‘वाँ’, ‘ते विकतात’ म्हणजे ‘वाँद्’. ‘तो संपवतो’, ‘फि-नी’. ‘ते संपवतात’, ‘फि-निस्’. ‘तो झोपतो’, ‘दोर्’. ‘ते झोपतात’, ‘दोर्म्’. ‘तो घेतो’, ‘प्राँ’. ‘ते घेतात’, ‘प्रेन्’. बघा, ई-एन-टी स्वतः गप्प आहे, पण त्याने आपल्या आधीच्या व्यंजनाला बोलतं केलंय. फ्रेंच माणूस अनेकवचन ओळखतो ते त्या शेवटच्या व्यंजनावरून. मी वर्गात मुलांना शेवटचं व्यंजन चांगलं ठासून म्हणायला लावते, कारण ‘फिनिस्’मधला ‘स्’ गिळला की ऐकणाऱ्याला ‘तो’ ऐकू येतो.

तक्रार करायची तर इतिहासाकडे करा. लॅटिनमध्ये ‘ते गातात’ हे ‘कान्तान्त’ होतं, शेवटचा ‘त’ स्पष्ट होता. जुन्या फ्रेंचमध्येही तो काही काळ ऐकू येत होता. पुढे तो गेला, मग त्याच्या आधीचा अर्धवट ‘अ’ही गेला, लेखन मात्र आहे तिथेच राहिलं. आपल्याकडेही ‘मी गेलों’, ‘तें घर’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार छापत होतेच की. ते १९६२च्या लेखननियमांनी काढले. फ्रान्सने १९९० साली काही लेखनसुधारणा राजपत्रात छापल्या, पण या ई-एन-टीला कोणी हात लावला नाही. लावू नयेच असं माझं मत, कारण कवितेत त्याचा अजून उपयोग आहे.

कविता म्हटलं की मला आवरत नाही, तर दोन मिनिटं द्या. फ्रेंच नाटककार रासीनच्या १६६७ सालच्या ‘आंद्रोमाक’ नाटकात वेडाच्या भरात ओरेस्त विचारतो, तुमच्या माथ्यांवर फुत्कारणारे हे साप कोणासाठी? ओळ अशी मोजतात: पूर्-की-सों-से-सेर्-पाँ-की-सि-फ्ल-स्यूर्-वो-तेत्. बारा सिलॅबल्स. ‘साप’ या शब्दात ई-एन-टी आहे, तो नाम आहे म्हणून ‘सेर्-पाँ’. दोन शब्द पुढे ‘फुत्कारतात’, त्यातही ई-एन-टी आहे, पण ते क्रियापद आहे म्हणून ‘आँ’ नाही. एकाच ओळीत दोन्ही! आणि आणखी गंमत म्हणजे रोजच्या बोलण्यात ‘सिफ्ल्’ असं एकच सिलॅबल असलेलं हे क्रियापद पद्यात ‘सि-फ्ल’ असं दोन मोजलं जातं, पुढे व्यंजन आहे म्हणून. ‘तेत्’च्या शेवटीही तसाच मूक ‘ई’ आहे, पण तो ओळीच्या टोकाला असल्यामुळे मोजत नाहीत.

हे ऐकून मुलं डोळे मोठे करतात. मी म्हणते, अरे, ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ म्हणताना तुम्ही काय करता? बोलताना ‘गणाधीश्’ आणि ‘ईश्’. श्लोक म्हणताना दोन्हीकडचा ‘श’ पूर्ण. नाही म्हटला तर भुजंगप्रयाताची बारा अक्षरं भरत नाहीत. समर्थ रामदास आणि रासीन एकाच शतकातले, एकमेकांचं नावही त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि दोघांच्याही ओळी बोलण्यात मेलेल्या स्वराला पद्यात जिवंत ठेवतात. तुमच्या मुलीला मनाचा श्लोक येत असेल तर ही गोष्ट तिला मिनिटात कळेल.

प्रश्न : मी डेल्फ बी-वन या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करते आहे. ‘आम्ही देऊ’ हे ‘दोन्-रों’ असं ऐकू येतं, पण ‘आम्ही बोलू’ हे ‘पार्-ल-रों’ असं. दोन्हीत मध्ये तोच ‘ई’ आहे. एकदा तो म्हणतात, एकदा गाळतात. यात काही नियम आहे की लहर? (कोल्हापूर)

उत्तर : नियम आहे, आणि तो तुला आधीपासून येतो. ‘घरकाम’ म्हण. ‘र’ पूर्ण म्हणालीस का? नाही, ‘घर्-काम’. आता ‘शब्दकोश’ म्हण. ‘द’मधला ‘अ’ राहिला, कारण तो काढला तर ब्, द्, क् अशी तीन व्यंजनं एकमेकांना भिडतात. फ्रेंचमध्ये हेच निरीक्षण मोरीस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाने ‘तीन व्यंजनांचा नियम’ म्हणून मांडलं: मूक ‘ई’ गाळल्यामुळे तीन व्यंजनं लागोपाठ येणार असतील, तर तो गाळत नाहीत. ‘देणे’मध्ये ‘ई’च्या आधी एकच ‘न’ आहे, म्हणून ‘दोन्-रों’. ‘बोलणे’मध्ये र आणि ल अशी दोन आहेत, पुढचा ‘र’ तिसरा, म्हणून ‘पार्-ल-रों’. ‘आम्ही दाखवू’, ‘मों-त्र-रों’. ‘आम्ही प्रेम करू’, ‘एम्-रों’. नियमाला फाटे आहेत, बोलणारा माणूस आणि त्याचा वेग यांवरही थोडं अवलंबून असतं, पण परीक्षेपुरता हा पक्का धर.

आता जे तू विचारलं नाहीस आणि जिथे सगळे घसरतात ते सांगते. संकेतार्थ, म्हणजे ‘आम्ही दिलं असतं’ किंवा ‘देऊ की’ या अर्थाचं रूप. लिहिताना भविष्यकाळात एक ‘आय’ घातला की झालं. पण ‘आय’ आला की ‘ओं’चा ‘यों’ होतो, आणि हा ‘य’ व्यंजनासारखाच वागतो. म्हणजे न्, र्, य् अशी तीन जमतात. मग गाळलेला ‘ई’ परत येतो: ‘दो-न-र्यों’. भविष्यकाळ दोन सिलॅबल्सचा, संकेतार्थ तीन सिलॅबल्सचा. ‘तुम्ही द्याल’, ‘दोन्-रे’. ‘तुम्ही दिलं असतं’, ‘दो-न-र्ये’. नुसती सिलॅबल्स मोजली तरी ऐकताना काळ ओळखता येतो. ऐकण्याच्या प्रश्नात याचे मार्क बरेचदा फुकट जातात.

‘मी’च्या रूपात हा आधार नाही. ‘मी बोलेन’ आणि ‘मी बोललो असतो’ यांत फरक फक्त शेवटच्या ‘ए’चा: पहिला मिटलेला, दुसरा जरा तोंड उघडून म्हटलेला, ‘अ‍ॅ’कडे झुकणारा. पुष्कळ फ्रेंच लोकही हा भेद करत नाहीत आणि लिहिताना गोंधळतात. तिथल्या शाळेत यावर एक तोडगा सांगतात तोच तूही वाप‍र: ‘मी’ काढून मनात ‘आम्ही’ घाल. ‘पार्-ल-रों’ जमतंय की ‘पार्-ल-र्यों’? उत्तर मिळालं की त्याप्रमाणे शेवट लिही.

आणखी एक. ‘मी अभ्यास करीन’ हे पुष्कळ जण ‘ए-त्यु-दि-ए-रे’ असं म्हणतात. मूक ‘ई’च्या आधी स्वर असेल तर तो कधीच म्हणायचा नाही, तिथे व्यंजनं मोजायचाही प्रश्न येत नाही. ‘ए-त्यु-दि-रे’. ‘मी खेळेन’, ‘झू-रे’. हा ‘ई’ कागदावरच राहू दे.

प्रश्न : बाई, आमचा छोटा छपाईचा व्यवसाय आहे. एका कंपनीचं फ्रेंच माहितीपत्रक लावायला आलंय. स्तंभ अरुंद आहेत, त्यामुळे ओळीच्या शेवटी क्रियापदं तुटतात. कुठे तोडावं? आम्ही कॉम्प्युटरवर सोडलं तर गिऱ्हाइकाने लाल शाईने परत पाठवलं. (अंधेरी, मुंबई)

उत्तर : आधी मजकूर निवडून त्याची भाषा फ्रेंच केली आहे का ते बघा. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजीवरच राहिली असेल तर शब्द इंग्रजीच्या कोशाप्रमाणे तुटतात. निम्म्या लाल खुणा तेवढ्याने जातील.

उरलेल्यांसाठी तत्त्व असं: दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराबरोबर जातं. आपल्याकडे बाराखडीच त्या पायावर उभी आहे, त्यामुळे हे सांगायची गरज नाही. दोन व्यंजनं असतील तर मध्ये तोडायचं: पार्-लों. पण दुसरं व्यंजन ‘र’ किंवा ‘ल’ असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व यांपैकी असेल तर जोडी फोडायची नाही, दोघं पुढच्या ओळीत: मों-त्रों. एकच व्यंजन लागोपाठ दोनदा लिहिलं असेल तर छापताना दोघांच्या मध्ये रेघ येते. ‘देणे’मध्ये दोन ‘एन’ आहेत, एक वरच्या ओळीत, एक खाली. उच्चारात मात्र ‘न’ एकच आणि तोही पुढच्या स्वरात: ‘दो-ने’. कागदावर तोडण्याची जागा आणि तोंडातली जागा अशा दोन वेगळ्या पडतात, त्याने बिचकू नका.

‘आपण पैसे देतो’ या रूपात ‘ए’ आणि ‘ओ’च्या मध्ये ‘वाय’ आहे. तिथे तोडूच नका. हा ‘वाय’ दोन ‘आय’चं काम करतो: एक मागच्या ‘ए’ला मिळून ‘ए’चा उच्चार देतो, दुसरा पुढच्याला मिळून ‘यों’ करतो. ‘पे-यों’. वाय कुठल्याही बाजूला टाकलात तरी दुसरी बाजू उघडी पडते. दोन स्वर शेजारी असतील तर त्यांच्या मध्येही तोडत नाहीत, आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफीनंतर तर कधीच नाही.

‘पार्लेन्त’सारखं दिसणारं रूप तुम्ही पार आणि लेन्त असं तोडलं असेल. वर्तमानपत्रांच्या अरुंद स्तंभात हे चालवून घेतात, चांगल्या छापखान्यात टाळतात, कारण खालच्या ओळीत गेलेला तुकडा वाचायचाच नसतो. अक्षरांमधली जागा थोडी कमी-जास्त करून संपूर्ण शब्द एका ओळीत बसवा.

प्रश्नार्थक वाक्यात ‘तो बोलतो का?’ याला तीन तुकडे असतात, मध्ये एकटा ‘टी’. तुमच्या गिऱ्हाइकाने बहुधा इथेच सर्वांत जाड खूण केली असेल. टीच्या आधीची रेघ वरच्या ओळीत ठेवायची, टी खाली, ‘तो’च्या सर्वनामाबरोबर. उच्चारही तसाच: ‘पार्-ल-तील्’. हा ‘त’ नुसता सोयीसाठी घुसवलेला आहे. ‘ते बोलतात का?’मध्ये ई-एन-टीचा ‘त’ पुढे स्वर आल्यामुळे जागा होतो आणि ‘पार्-ल-तील्’ असंच ऐकू येतं. तशा रूपांच्या चालीवर एकवचनातही तो आला. ‘तो घेतो का?’मध्ये लिहिलेला आहे ‘डी’, पण म्हणतात ‘प्राँ-तील्’, ‘द’ नव्हे ‘त’.

आणि प्रश्नचिन्हाच्या आधी एक बारीक, न तुटणारी मोकळी जागा सोडा. फ्रेंच लोक त्याबाबत फार हळवे असतात.

प्रश्न : ‘पार्लों’ म्हणताना शेवटी ‘न’ येतोच. आमच्या वर्गात सगळ्यांचाच येतो. काय करावं? (रत्नागिरी)

उत्तर : रत्नागिरीहून हा प्रश्न यावा याचं मला नवल वाटलं! शेजारी कोणी घरी कोंकणी किंवा मालवणी बोलणारे असतील तर त्यांच्याजवळ बसून नुसतं ऐका. नाकातले स्वर त्या बोलींत आजही धडधडीत जिवंत आहेत, आणि गोव्याच्या कोंकणीत तर त्यांच्यामुळे अर्थ बदलतो. सवय कुठे बिघडली ते सांगते. आपण शाळेत ‘एन’ दिसला की जीभ दातांकडे न्यायला शिकलो, ते इंग्रजीतून. ‘ओं’ म्हणताना जीभ कुठेही टेकवायची नाही. आरशासमोर तोंड उघडं ठेवून म्हणा. जीभ वर गेली की दिसेल.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर ‘टी’ आणि ‘डी’चंही ऐका. फ्रेंचमधला ‘टी’ आपल्या ‘त’सारखा दातांवर, ‘डी’ आपल्या ‘द’सारखा. ‘पार्-ल-टील’ नव्हे. मराठी मुलांना ‘त’ आणि ‘द’ जन्मतः येतात, फ्रेंच बोलताना मात्र ती ‘ट’ आणि ‘ड’ काढतात, कारण मनात इंग्रजी शब्द वाचत असतात. प, त, क यांच्यात हवा सोडायची नाही हेही आपल्याला शिकावं लागत नाही, इंग्रजी माणसाला लागतं. मराठीतून थेट फ्रेंचकडे जाणारा रस्ता खरं तर जवळचा आहे. सगळे लंडनला वळसा घालून जातात.

प्रश्न : ‘करणे’चं ‘आम्ही करतो’ हे रूप ‘फे-ज़ों’ असायला हवं ना? सर ‘फ-ज़ों’ म्हणतात. (अकरावी, नाशिक)

उत्तर : सर बरोबर आहेत. ए-आय लिहिलंय म्हणून ‘फे’ वाटतं, आणि ‘मी करतो’ हे ‘फे’च आहे, ‘तुम्ही करता’ हेही ‘फेत्’. पण ‘आम्ही’च्या रूपात आणि सगळ्या अपूर्ण भूतकाळात (‘तो करत होता’, ‘फ-ज़े’) ‘फ’. कारण विचारू नकोस, पाठ कर. अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेतलं असशील तर हे एकच रूप तोंडी परीक्षेत तुझं वजन वाढवेल.

प्रश्न : माझा नातू तुलूझला शिकतो. फोनवर मित्राशी बोलताना सारखं ‘शेपा, शेपा’ करतो. मी विचारलं तर म्हणाला, आजी, ‘मला माहीत नाही’. मी तरुणपणी फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, मला तर ‘झ न से पा’ असं शिकवलं होतं. पोरगा भाषा बिघडवतोय का? आणि त्याची घरमालकीण मात्र ‘ई’ न ई म्हणते, म्हणे. (एक आजी, नागपूर)

उत्तर : आजी, नमस्कार. नातू छान बोलतोय, काळजी करू नका. तुम्ही शिकलात ते पूर्ण रूप, चार सिलॅबल्सचं. बोलताना नकाराचा ‘न’ गळतो. मग ‘झ’मधला मूक स्वर गळतो आणि ‘झ्’ला लगेच ‘स’ चिकटतो. ‘स’ला घशातला कंप नाही, त्याच्या संगतीने ‘झ्’चाही जातो आणि तो ‘श्’ होतो. ‘श्से-पा’, मग ‘शे-पा’. ‘मी आहे’चंही तसंच ‘श्वी’ होतं. तुम्ही तरी ‘काय करीत आहेस’ असं नातवाला विचारता का? ‘काय करतोयस’ म्हणता. फक्त परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत आणि लिहिताना पूर्ण रूप वापरायचं, एवढं त्याला सांगा.

घरमालकीण दक्षिणेची दिसते. तुलूझ, मार्सेय या भागात शब्दाच्या शेवटचा मूक ‘ई’ बऱ्याच जणांच्या तोंडी टिकून आहे. पॅरिसमध्ये ‘ईल पार्ल्’ हे दोन सिलॅबल्सचं, तिच्या तोंडी तिसरं बारीकसं ऐकू येईल, ‘ईल पार्-ल’. नातू वर्ष-दोन वर्षांत तसं म्हणायला लागला तर त्याला अडवू नका. तुम्हाला स्वतःला कान पुन्हा तयार करायचा असेल तर अशा दक्षिणी माणसाचं बोलणं ऐकणं सोपं जातं. प्रत्येक सिलॅबल सुटं येतं.

प्रश्न : ‘ते आहेत’ आणि ‘त्यांच्याकडे आहे’ ही दोन वाक्यं मला एकसारखीच ऐकू येतात. (ठाणे)

उत्तर : ‘ईल सों’ आणि ‘ईल ज़ों’. पहिल्यात ‘स’ क्रियापदाचा, दुसऱ्यात ‘ज़’ सर्वनामाच्या शेवटी दडलेल्या ‘एस’चा, पुढे स्वर आला म्हणून बाहेर पडलेला. ‘तो प्रेम करतो’, ‘ई-लेम्’. ‘ते प्रेम करतात’, ‘ईल-ज़ेम्’. ‘प्रेम करणे’सारख्या, स्वरापासून सुरू होणाऱ्या क्रियापदांत अनेकवचन कळायचा हाच मार्ग, कारण ई-एन-टी तर गप्प. ‘ज़’ला कंप द्या, नाहीतर ‘त्यांच्याकडे आहेत’ म्हणायला जाल आणि ‘ते आहेत’ असं ऐकू जाईल.

प्रश्न : ‘ओरडणे’ हे ‘क्रि-ये’ आणि ‘बांधणे’ हे ‘ल्ये’. एक दोन सिलॅबल्सचं, एक एकाचं. शेवट तर सारखाच आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ‘आय’च्या आधी काय आहे ते बघा. ‘ल’ एकटा आहे, त्यामुळे ‘इ’ आक्रसून ‘य’ होतो आणि ‘ल्ये’ असं एका झटक्यात निघतं. ‘क्र’ ही व्यंजन अधिक ‘र’ अशी जोडी आहे. तिच्यामागे आणखी ‘य्’ चिकटला तर जिभेला जड जातं, म्हणून ‘इ’ पूर्ण राहतो: ‘क्रि-ये’. ‘विसरणे’ही ‘ऊ-ब्लि-ये’, तीन. ‘खेळणे’ हे ‘झ्वे’, एक. ‘भोक पाडणे’ हे ‘त्रू-ए’, दोन. म्हणूनच दुकानात आपण नम्रपणे ‘आम्हाला हवं होतं’ म्हणतो तेव्हा ते ‘वू-द्रि-यों’ असं तीन सिलॅबल्सचं होतं, ‘वू-द्र्यों’ नाही.

याच टोपलीतलं शेवटचं: ‘तिरस्कार करणे’. ‘मी तिरस्कार करतो’ म्हणजे ‘झ ए’. इथे ‘झ’चा स्वर गाळता येत नाही, कारण क्रियापदाच्या सुरुवातीचा ‘एच’ म्हणत नसले तरी तो भिंतीसारखा उभा असतो. ‘आम्ही’च्या रूपात ‘आय’वर दोन टिंबं येतात. ती सांगतात की ‘ए’ आणि ‘आय’ यांचा मिळून ‘ए’ करू नका, वेगळे म्हणा: ‘नू आ-ई-सों’. तीच दोन टिंबं ‘मी’, ‘तू’, ‘तो’ यांच्या रूपांवर नाहीत, म्हणून तिथे ‘ए’. आणि ‘नू’च्या शेवटचा ‘एस’ त्या ‘एच’ला ओलांडून पुढे येत नाही, ‘नू-ज़ा-ई-सों’ म्हटलंत तर समोरचा फ्रेंच माणूस नक्की दुरुस्त करील.